फुटाला एक सूत

हॉस्टेलच्या खोलीत शिडाचं जहाज बांधता येतं. अट एकच, ते खोलीत मावलं पाहिजे. आमच्या खोलीतलं टेबल चार फुटी. त्यातला अर्धा भाग रूममेटच्या पुस्तकांचा, उरलेल्या अर्ध्यात लॅपटॉप, मग, औषधं आणि सबमिशनचे गठ्ठे. त्यामुळे जहाजाच्या वाट्याला आली खिडकीखालची ट्रंक. ट्रंकेवर जे मावेल ते स्केल, म्हणून एकास शहाण्णव. मॉडेलवाल्या मंडळींनी स्केल निवडण्याची बरीच शास्त्रीय कारणं लिहून ठेवली आहेत, पण मला शंका आहे की निम्म्या लोकांचं खरं कारण ट्रंक हेच असावं.

कॉलेजच्या कारपेंटरी शॉपमधल्या मामांना मी हे स्केल सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे फुटाला एक सूत. मग सरळ तसं सांग ना पोरी, शहाण्णव कशाला?" बरोबरच आहे. इंचाचे आठ सूत, फुटाचे शहाण्णव. आपण मेट्रिकवाले हा हिशोब विसरलो. पण हे जहाज ज्यांनी बांधलं त्यांचा सगळा कारभार फूट-इंचातच होता, त्यामुळे मामांचं गणित माझ्या कॅल्क्युलेटरपेक्षा जहाजाला जास्त जवळचं.

तर जहाज कोणतं, ते सांगते. ‘त्रिंकोमाली’. ब्रिटिश नौदलाचं फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांचं, चपळ, तोफांची एक अखंड रांग असलेलं लढाऊ जहाज. बांधलं कुठे? मुंबईत. मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधलं ओकचं लाकूड कमी पडायला लागलं होतं, आणि सागवान तर ओकपेक्षा टिकाऊ. मे १८१६ मध्ये काम सुरू झालं. पारशी रीतीप्रमाणे जमशेटजींनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. आणि गंमत म्हणजे ते अजून पाण्यात आहे! इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी ते म्युझियम म्हणून उभं आहे. तरंगतं असलेलं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणजे आपल्या मुंबईचं हे सागवानी पोर. नेल्सनचं प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ त्याहून जुनं आहे, पण ते कोरड्या गोदीत उभं असतं.

आता तुम्ही म्हणाल, खरं जहाज शिल्लक आहे, तर मॉडेल करणं एकदम सोपं. फोटो बघा आणि करा. इथेच खरी मेख आहे.

१८१९ मध्ये इंग्लंडला पोचल्यावर हे जहाज पंचवीसेक वर्षं राखीव म्हणून नुसतं उभं होतं. लढाई संपली होती, कोणाला त्याची गरज नव्हती. १८४५ मध्ये ते पुन्हा बाहेर काढलं, तेव्हा त्याची मागची बाजू बदलली, तोफा कमी पण जास्त ताकदीच्या बसवल्या, आणि कागदोपत्री ते फ्रिगेटचं कॉर्व्हेट झालं. नंतर ते ट्रेनिंगचं जहाज झालं. १८९७ मध्ये तर मोडीत काढायला विकलं गेलं होतं. तिथून एका हौशी माणसाने, व्हीटली कॉब यांनी, ते विकत घेऊन वाचवलं आणि नाव बदलून ‘फुद्रॉयां’ ठेवलं. जवळजवळ शतकभर ते दुसऱ्याच नावाने जगलं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आलं, २००१ पर्यंत दुरुस्ती चालली, आणि जुनं नाव परत मिळालं. म्हणजे आज जे दिसतं ते मुंबईतून निघालेलं जहाज हुबेहूब नाही. लाकूड पुष्कळसं तेच, पण चेहरा मागाहून बदललेला.

म्हणून मॉडेल करणाऱ्याने सर्वांत आधी साल ठरवायचं असतं. जहाज नव्हे, साल! माझं साल आहे १८१७. मला वाडियांच्या गोदीतून बाहेर पडलेलं जहाज हवं आहे. हा निर्णय घेतला की निम्मे फोटो बाद होतात आणि ड्रॉइंगकडे वळावं लागतं.

ड्रॉइंगची कथा तर एखाद्या सिरियलसारखी आहे. १७८२ मध्ये इंग्रजांनी ‘एबे’ नावाचं एक फ्रेंच फ्रिगेट पकडलं. त्याचा डिझायनर जाक-नोएल साने. (आडनावावरून सदाशिव पेठेतला वाटतो, पण नाही, पक्का फ्रेंच.) जहाजाचा आकार इंग्रजांना इतका आवडला की त्यांनी मापं घेऊन ड्रॉइंग काढलं आणि त्यावरून स्वतःची ‘लीडा’ जातीची फ्रिगेट्स बांधायला घेतली. आजच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग. मुंबईला ऑर्डर गेली १८१२ मध्ये. ड्रॉइंगचा पहिला संच ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाला. त्याच जहाजावर मुंबईचे नियोजित गव्हर्नरही होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठलं, हरवलं आणि ड्रॉइंग्ज गेली. दुसरा संच पाठवावा लागला. ते ‘कॉन्स्टिट्यूशन’ही आज बोस्टनमध्ये तरंगतं आहे. ज्या जहाजाची ड्रॉइंग्ज गेली ते आणि ज्याच्यामुळे गेली ते, दोन्ही अजून जिवंत!

माझ्या डोक्यात यातून एकच गोष्ट बसली. ‘त्रिंकोमाली’ हे स्वतःच एक मॉडेल आहे. फ्रेंच जहाजावरून इंग्रजी ड्रॉइंग, त्या ड्रॉइंगवरून मुंबईत सागवानाचं जहाज, स्केल एकास एक. मुंबईच्या सुतारांनी ‘एबे’ कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात कागद होता आणि समोर लाकूड होतं. आपल्याही हातात तेच असतं, फक्त लाकूड जरा बारीक.

बरं, जहाजाची मॉडेल्स करणं हा काही रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून सुरू झालेला नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या नौदल खात्यासाठी फुटाला दोन सूत, म्हणजे एकास अठ्ठेचाळीस, या स्केलची अप्रतिम मॉडेल्स होत. खालच्या फळ्या मुद्दाम लावत नसत, म्हणजे आतल्या फासळ्या दिसाव्यात. नौदलाची मूळ ड्रॉइंग्जही त्याच स्केलची असत, आणि त्यातली हजारो ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये जपलेली आहेत. दुसरा नमुना त्याच्या अगदी उलट. नेपोलियनच्या लढायांत पकडलेले फ्रेंच कैदी इंग्लंडच्या तुरुंगछावण्यांत वर्षानुवर्षं बसून होते. जेवणात आलेल्या मटणाची, बैलाची हाडं ते साफ करून जपायचे आणि त्यांची जहाजं करून बाजारात विकायचे. दिसायला ती मॉडेल्स नाजूक, देखणी, पण प्रमाणाला कच्ची, कारण बिचाऱ्यांकडे ड्रॉइंग कुठलं? आमच्या मेसमध्ये रविवारी जे मटण मिळतं त्यातल्या हाडांच्या संख्येवरून तर आपणही एव्हाना आरमार उभं करायला हवं होतं. असो.

आता कामाकडे. फर्स्ट इयरला ग्राफिक्सच्या शीट्स ज्यांनी मनापासून काढल्या (आणि काचेखाली ट्यूबलाइट लावून ट्रेस केल्या नाहीत) त्यांना जहाजाचं ड्रॉइंग लगेच कळेल. तीनच व्ह्यू असतात. बाजूने दिसणारा, वरून दिसणारा आणि समोरून दिसणारा. वरून दिसणारा अर्धाच काढतात, कारण डावी-उजवी सारखीच. समोरचा व्ह्यू सर्वांत मजेशीर. जहाजाला पावाच्या लादीसारखं आडवं कापत गेलं तर प्रत्येक कापाचा आकार वेगळा येतो. ते सगळे आकार एकाच चित्रात एकावर एक काढलेले असतात, मध्यरेषेच्या उजवीकडे पुढच्या अर्ध्या जहाजाचे काप, डावीकडे मागच्या अर्ध्याचे. पहिल्यांदा बघताना कांद्याच्या पाकळ्यांसारखं दिसतं.

माझी पद्धत त्यातल्या त्यात सोपी. उभा एक प्लायवूडचा कणा, त्यात खाचा, आणि खाचांमध्ये हे आडवे काप बसवायचे. माशाच्या काट्यासारखा सांगाडा तयार होतो. जहाजाची तोफांच्या डेकवरची लांबी १५० फूट साडेचार इंच, म्हणून मॉडेलमध्ये ती होते ४७.७ सेंटिमीटर. रुंदी जेमतेम ४० फूट, म्हणजे १२.७ सेंटिमीटर. खऱ्या जहाजात असे काप नसतात, एकमेकींना खेटून उभ्या फासळ्या असतात. तशाही पद्धतीने मॉडेल करतात, पण त्याला दोन-तीन वर्षं सहज लागतात आणि आपला डिग्री कोर्स चारच वर्षांचा आहे.

सांगाडा झाला की घाई करायची नाही. सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम इथे येतं. प्रत्येक कापाची कडा तिरकी घासावी लागते, कारण फळी पुढे नाळेकडे जाताना वळते आणि कडेला सपाट टेकली पाहिजे. एक लवचिक पट्टी घ्यायची, सगळ्या कापांवरून आडवी वाकवून धरायची आणि डोळा कडेला लावून बघायचं. कुठे उजेड दिसला की तिथे खड्डा, कुठे पट्टी उचलली गेली की तिथे उंचवटा. मग पॉलिशपेपर, पुन्हा पट्टी, पुन्हा पॉलिशपेपर. कॅलिपर इथे काही सांगत नाही, बोट सांगतं. हे काम मी एका सेमिस्टरच्या पीएलमध्ये केलं आणि रूममेटच्या मते खोलीतल्या धुळीचा सगळा इतिहास तिथून सुरू होतो.

मग फळ्या. इथे ग्राफिक्समधला डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस आठवा. सिलिंडर उलगडता येतो, कोन उलगडता येतो, गोल उलगडता येत नाही. जहाजाचं पोट हे गोलाच्या जातीचं आहे, दोन्ही दिशांना वाकलेलं. पिंपाच्या फळ्या बघा, मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद असतात. जहाजाचंही तसंच, कारण पोटाचा घेर जास्त आणि नाळेपाशी कमी. सगळ्या फळ्या सारख्याच रुंदीच्या लावत गेलात तर पुढे त्या एकमेकींवर चढायला लागतात आणि पट्टी कडेने वाकायला नकार देते. लाकूड जाडीतून वाकतं, रुंदीतून वाकत नाही. मोमेंट ऑफ इनर्शिया आहे ना, रुंदीचा घन!

म्हणून करायचं असं की प्रत्येक कापाचा घेर कागदाच्या पट्टीने मोजायचा, त्याला फळ्यांच्या संख्येने भागायचं, आणि त्या त्या जागी फळी तेवढीच रुंद तासायची. माझ्या फळ्या मध्यावर २.६ मिलिमीटर आहेत, म्हणजे खऱ्या जहाजात दहा इंच. पुढे जाताना त्या निम्म्यापेक्षा बारीक होऊ देऊ नयेत असा संकेत आहे, कारण खऱ्या जहाजात इतक्या निमुळत्या टोकाला खिळा बसला नसता, फळी फुटली असती. मग दोन फळ्यांची एक करायची. मॉडेलमध्ये खिळ्याचा प्रश्न नाही, गोंद आहे, तरी नियम पाळायचा. का, तर तो नियम मॉडेलचा नसून जहाजाचा आहे. मला हा सगळा प्रकार आवडतो तो इथे. कागदावरची एक वाकडी रेष अशी का आहे, हे फळी हातात धरल्यावर कळतं.

फळ्या वाकवायला पाण्यात भिजवून उष्णता द्यावी लागते. हॉस्टेलमध्ये इस्त्री चालते, हीटर चालत नाही, आणि सोल्डरिंग आयर्न हे ‘अभ्यासाचं साहित्य’ असल्यामुळे रेक्टर मॅडमना आक्षेप घेता येत नाही. जाड सळईचं सोल्डरिंग आयर्न, वरून एक पोकळ नळी, आणि त्यावरून ओली फळी हळूहळू ओढायची. वाफ निघते आणि फळी मुकाट्याने वळते.

आता लाकडाचा विनोद ऐका. जहाज सागवानाचं, तेव्हा मॉडेलही सागवानाचं करावं असं कोणालाही वाटेल. मामांकडे सागवानाचे तुकडे भरपूर होते. पण त्यांनीच तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "हे चालायचं नाही. रेघा बघ केवढ्या." सागवानाच्या लाकडातली छिद्रं साधारण पाव मिलिमीटरची असतात. शहाण्णवने गुणा. खऱ्या जहाजाच्या फळीवर एक-एक इंचाचे खड्डे! आणि रंगही तसाच, लहान तुकड्यात पट्टे फार मोठे दिसतात. म्हणजे सागवानी जहाज सागवानासारखं दिसायचं असेल तर सागवान सोडून दुसरं काहीही घ्या. परदेशात यासाठी पेअरचं किंवा बॉक्सवूडचं लाकूड वापरतात. मामांनी हेदूचे तुकडे काढून दिले. पिवळसर, घट्ट, रेघ जवळपास दिसतच नाही, कोरीव कामाला चालणारं लाकूड. त्यावर चहाच्या पाण्याचा हात दिला की रंगही जमतो. मेसचा चहा या कामाला उत्तम आहे, पिण्यापेक्षा नक्कीच.

स्केलबद्दल एक गोष्ट कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. लांबी शहाण्णव पटीने कमी होते, क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने, आकारमान घनाने. पण संख्या कमी होत नाही. जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लावत, समुद्रातला किडा लाकूड पोखरू नये आणि शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून. प्रत्येक पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. मॉडेलमध्ये तो होतो साडेबारा मिलिमीटर बाय पावणेचार मिलिमीटर. आणि जितके पत्रे मुंबईच्या गोदीत ठोकले तितकेच मला ट्रंकेवर चिकटवायचे. तिथे माणसं पुष्कळ होती, इथे मी एकटी, नि वर सोमवारी युनिट टेस्ट. मी मागचा चिकट थर असलेली तांब्याची पट्टी घेतली, पट्टीवर पट्टी टेकवून तुकडे कापले. पत्रे नाळेकडून नाही, मागून पुढे लावत जायचे, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाण्याचा प्रवाह सांध्यात घुसत नाही. कौलं लावताना आपण खालून वर जातो ना, तेच.

दोरांचंही तसंच. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे जाड दोर असतात आणि त्यांच्यावर आडव्या दोऱ्यांची शिडी असते, खलाशी वर चढायला. पायऱ्यांमधलं अंतर फूट-सव्वा फूट, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण साडेतीन मिलिमीटर. एका बाजूला आठ दोर धरा, चाळीस पायऱ्या धरा, झाल्या ३२० गाठी. आणि ही एका डोलकाठीची, एका बाजूची, फक्त खालच्या मजल्याची गोष्ट. प्रत्येक गाठ चिमट्याने, सुईने मारायची. मी मालिका ऐकत करते, बघत नाही.

दोराच्या जाडीत एक सापळा आहे, तो सांगितलाच पाहिजे. जुन्या यादीत ‘नऊ इंची दोर’ लिहिलेलं असतं. नऊ इंच हा व्यास नाही, घेर आहे! जहाजावर दोराभोवती पट्टी गुंडाळून माप घेत. पायने भागलं की व्यास येतो २.८६ इंच, आणि एकास शहाण्णवमध्ये ०.७६ मिलिमीटर. भागायला विसरलं तर येतो २.४ मिलिमीटर, आणि मग जहाजाला दोर नव्हे तर ड्रेनेजचे पाइप लावल्यासारखे दिसतात. काचेच्या पेटीतली बरीच सुंदर मॉडेल्स दुरूनच खटकतात ती यामुळे. आणि सुती दोरा नको. त्याची अर्ध्या मिलिमीटरची लव म्हणजे खऱ्या दोरावर पाच सेंटिमीटरचे केस. पॉलिएस्टरचा शिलाईचा दोरा घ्यायचा, तीन पदर एकत्र पिळायचे, म्हणजे खरा दोर तयार होतो. त्यासाठी जुन्या प्रिंटरमधली मोटर आणि तीन गिअर पुरतात. मेकॅनिकलवाल्यांना मशीन करायला निमित्त हवंच असतं, आमच्या बॅचच्या दोघांनी ते आनंदाने जुळवून दिलं. जे दोर हलत नाहीत ते काळे, कारण डांबर लावलेले. शिडं-परबाणं ओढायचे दोर फिकट.

‘पाण्यात सोडलं तर तरंगेल का?’ हा प्रश्न खोलीत येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर मजेदार आहे. खऱ्या जहाजाचं वजन दीड हजार टनांच्या आसपास धरलं तर शहाण्णवच्या घनाने भागून मॉडेल भरतं १.७ किलो. तेवढं वजन बरोबर जागी ठेवलं तर ते तरंगेल, बरोबर रेषेपर्यंत बुडेल. पण शिडं लावून वाऱ्यात सोडलंत तर आडवं होणार. वारा शिडाला ढकलतो तो क्षेत्रफळावर, गुणिले उंची, म्हणजे लांबीच्या घनाच्या प्रमाणात. जहाजाला सरळ करणारा जोर मात्र वजन गुणिले अंतर, म्हणजे चौथ्या घाताच्या. आकार शहाण्णव पटीने लहान केला की वाऱ्याचा जोर सरळ करणाऱ्या जोरापेक्षा शहाण्णव पटीने वरचढ होतो. वारा काही स्केल होऊन वाहत नाही. म्हणून पाण्यात चालणाऱ्या मॉडेल्सना खाली शिशाचा लांब पंखा लावतात, जो खऱ्या जहाजाला नव्हता. मला तो नको आहे, आणि शिडंही नकोत. खऱ्या शिडाचं कापड मिलिमीटरभर धरलं तरी मॉडेलमध्ये ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं हवं. इतकं पातळ कापड मिळत नाही, आणि जाड कापड लावलं की ते टॉवेलसारखं लोंबतं. त्यापेक्षा नुसत्या डोलकाठ्या आणि दोर बरे.

मला वाटतं सर्वांत अवघड भाग हाताचा नाहीच. ड्रॉइंग सगळं सांगत नाही. पोटाचा आकार सांगतं, तोफांच्या खिडक्या सांगतं. पण डेकवरच्या एका कडीची जागा, आतल्या बाजूचा रंग, एखादा दोर नेमका कुठल्या खुंटीला बांधला, हे कागदावर नसतं. तिथे जागा रिकामी ठेवता येत नाही. निबंधात ‘याबाबत मतभेद आहेत’ लिहून पुढे जाता येतं, पण दोराचं टोक हातात घेऊन मतभेद आहेत म्हणता येत नाही, ते कुठेतरी बांधावंच लागतं. एकदा बांधलं की बघणाऱ्याला ते खरंच वाटतं. लॅबमध्ये उत्तर आधी बघून रीडिंग मागून लिहिण्याची आपल्याकडे जी थोर परंपरा आहे, तिच्यातून आलेल्या माणसाला हे फार सोयीचं पडतं. कोण विचारणार आहे?

म्हणून स्टँडच्या खाली मी एक कागद चिकटवला आहे. त्यात तीन रकाने. पहिल्यात जे ड्रॉइंगवरून घेतलं ते. दुसऱ्यात जे त्याच जातीच्या दुसऱ्या जहाजांवरून ताडलं ते. ‘युनिकॉर्न’ नावाचं याचंच भावंड स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे, १८२४ चं. त्याला कधी डोलकाठ्या लावून समुद्रावर धाडलंच नाही, छप्पर घालून ठेवलं, त्यामुळे त्याच्याकडून बरंच कळतं. आणि तिसऱ्या रकान्यात जे मी मनाने केलं ते. आज ‘त्रिंकोमाली’च्या नाळेवर फेटा बांधलेल्या माणसाचा पुतळा आहे. तो १८१७ च्या मॉडेलवर मी लावला, पण लिहिला दुसऱ्या रकान्यात. डेकच्या आतल्या बाजूचा रंग तिसऱ्यात. कण्यातला चांदीचा खिळा पहिल्या रकान्यात आहे. पैंजणाच्या तुटक्या कडीतून कापलेला मिलिमीटरभर तुकडा मी कण्यात बसवला, आता तो तांब्याखाली गेला, कोणालाच दिसत नाही. जमशेटजींनी ठोकला तो एक खिळा. बाकीचे ज्यांनी ठोकले त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

सध्या तिन्ही डोलकाठ्यांचे खालचे भाग उभे आहेत आणि पहिल्या डोलकाठीची शिडी निम्मी झाली आहे. तोफा पितळेच्या, मशीन शॉपमधल्या लेथवर काढलेल्या. शिशाच्या करू नका. बंद पेटीत प्लायवूड आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ निघते आणि काही वर्षांत शिसं पांढरं पडून भुगा होतं. म्युझियममधल्या जुन्या मॉडेल्सना या रोगाने फार छळलं आहे. त्यामुळे काचेची पेटी केली तरी तिला खाली हवा जायला भोकं ठेवावी लागतात, आणि भोकांना बारीक जाळी, नाहीतर झुरळं. पेटीसाठी काच लागेल दोन फूट बाय दीड फूट. कोणाच्या खोलीत जुन्या ग्राफिक्सच्या दिवसांतली ट्रेसिंगची काच पडून असेल तर कळवा, ती आता तरी चांगल्या कामाला लागेल.